मदत हवी आहे: कोंबड्यांची अंडी कमी झालीत, पण एकीचं लक्षण वेगळंच दिसतंय

परसातल्या कोंबड्यांची अंडी एकदम घटलीत. दिवस लहान झालेत आणि अंड्यांसाठी १४ ते १६ तास उजेड लागतो, हे माहीत आहे. बहुतेकींची मानेवरची पिसंही झडतायत, खालून नव्या पिसांचे काटेरी कोंब दिसतात. तेवढं समजू शकते.

काळजी तांबडीची आहे. तिची पिसं शाबूत, पण तुरा फिका पडलाय आणि अंड्याचं कवच बोटाने दबतं. लेअर खाद्य (अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं खाद्य) चालू आहे, कॅल्शियमसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात असतो. रात्री बॅटरी घेऊन कोंबड्या बसतात त्या दांड्या तपासल्या, गोचीड-पिसवा नाहीत. जंताचं औषध सरळ द्यावं, की आधी विष्ठा तपासून घ्यावी? बाकीच्यांना पिसं येईपर्यंत पहाटे दिवा लावायला मन धजत नाही, त्यांना विश्रांती मिळायलाच हवी. जाणकारांनी कृपया सांगा.