लेकीच्या इंडेक्स फंडासाठी कोणता ब्रोकर?

ए-१०४ ताई: नमस्कार मंडळी. लेक नोकरीला लागली. महिन्याला ५ हजार निफ्टी ५० च्या इंडेक्स फंडात (म्हणजे ५० मोठ्या कंपन्यांच्या यादीप्रमाणेच पैसे गुंतवणारा फंड), आणि २० वर्षं हात लावायचा नाही असं तिचं ठरलंय. शेअर ठेवायचं डिमॅट खातं कुठे उघडू? झिरोधा की ग्रो?

सी-६०१: बँकेचंच थ्री-इन-वन घ्या, बचत, डिमॅट आणि ट्रेडिंग खातं सगळं एका जागी.

बी-३०२ काका: ताई, साधा इंडेक्स फंड घेणार की ईटीएफ, म्हणजे शेअरसारखा बाजारात घ्यायचा-विकायचा फंड? फंड असेल तर डिमॅट लागतच नाही. फंड कंपनीच्या साइटवरून नाहीतर एमएफ सेंट्रल या सगळ्या फंडांच्या सामायिक साइटवरून थेट घ्या, युनिट्स फोलिओत, म्हणजे फंड कंपनीकडच्या आपल्या खात्यात जमा होतात. मात्र नावात 'डायरेक्ट' आहे ना, हे डोळ्यांत तेल घालून बघा. रेग्युलरमध्ये वितरकाचं कमिशन दरवर्षी फंडातूनच कापलं जातं, आपल्याला बिल म्हणून कधी येत नाही. २० वर्षांत खरा फरक तिथेच पडतो. २०१३ पासून डायरेक्टची सोय आहे, तरी बँकेतून घेतला की बहुधा रेग्युलरच हातात येतो. @सी-६०१ तुमचाही एकदा तपासा.

ए-१०४ ताई: आणि ईटीएफ घेतला तर?

बी-३०२ काका: मग डिमॅट हवंच. नुसतं 'शून्य ब्रोकरेज' बघू नका, वार्षिक एएमसी (खातं सांभाळायचं शुल्क) आणि विकताना डिमॅटमधून युनिट्स काढायचा डीपी चार्ज विचारा. तिचं एकच डिमॅट असेल तर बीएसडीए, म्हणजे छोट्या गुंतवणूकदारांचं सवलतीचं डिमॅट मागा. १ सप्टेंबर २०२४ पासून खात्यातल्या गुंतवणुकीची किंमत ४ लाखांपर्यंत असेल तर एएमसी शून्य, पुढे १० लाखांपर्यंत वर्षाला १०० रुपये. आयपीओसाठी दुसरं खातं उघडलं की ही सवलत गेली.

डी-४०५: ब्रोकर बुडाला तर? कार्वीचं झालं तसं?

बी-३०२ काका: भीती रास्त आहे. युनिट्स ब्रोकरकडे नसतात, एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डिपॉझिटरी संस्थांकडे आपल्या नावावर असतात. कार्वी या ब्रोकरने पॉवर ऑफ अॅटर्नीच्या (ग्राहकाने सही करून दिलेल्या अधिकारपत्राच्या) जोरावर ग्राहकांचे शेअर परस्पर गहाण टाकले, २०१९ मध्ये सेबीने कारवाई केली. म्हणून तसला अधिकार देऊच नका. मग विकताना दर वेळी टी-पिन (डिपॉझिटरीने दिलेला गुप्त क्रमांक) आणि ओटीपी टाकावा लागेल, पण वर्षानुवर्षं न विकणाऱ्याला त्याचा काय त्रास? शिवाय ईमेलवर येणारं सीएएस, म्हणजे सगळ्या गुंतवणुकीचं एकत्रित विवरणपत्र, अॅपमधल्या आकड्यांशी ताडून बघायला तिला शिकवा.

ए-१०४ ताई: मग फंडच बरा. कागद काय लागतील?

बी-३०२ काका: पॅन, आधार, कॅन्सल्ड चेक. नॉमिनी त्याच वेळी भरायचा. रविवारी तिला घेऊन या, तिच्याच फोनवर करू. मोबाइल आणि ईमेलही तिचाच द्या, तुमचा नको.

ए-१०४ ताई: येतो काका, ११ वाजता 🙏