टाळेबंदीत घरात काय उरलं, काय संपलं?

पावशेर (पुणे, एप्रिल २०२१)

मागच्या वर्षी २४ मार्चला, पाडव्याच्या आदल्या रात्री, पंतप्रधानांचं कोरोना-टाळेबंदीचं आठचं भाषण पुरतं संपायच्या आत नवरा पिशव्या घेऊन जिन्यात होता आणि त्याच्यामागे मी. कोपऱ्यावरच्या वाण्याचं शटर अर्धं ओढलेलं, बाहेर चाळीसेक माणसं एकमेकांना खेटून उभी. संसर्ग नको म्हणून घरात बसायचं आणि घरात बसायची तयारी म्हणून ही झुंबड! आमचा नंबर आला तोवर तूरडाळ, कणीक, साखर, सगळं गेलेलं. राहिला होता साबुदाणा. रिकाम्या हाताने परत जायचं नाही या कुठल्याशा ईर्ष्येने मी पाच किलो साबुदाणा घेतला. आमच्या घरात उपास कुणीच करत नाही.

दुसऱ्या दिवशी गुढी उभारल्यावर एकेक डबा उघडून बघितला. तांदूळ सात किलो, तूरडाळ सव्वा किलो, मूग-मटकी-चवळी मिळून दोन किलो, कणीक आठवड्याची, पोहे, रवा, दाणे. पंधरा दिवस काहीही न आणता आरामात निघाले असते. घरात काय आहे ते न बघताच मी रांगेत उभी होते.

मग एका जुन्या डायरीत प्रत्येक डबा भरल्याची आणि संपल्याची तारीख लिहायला लागले. तीन महिन्यांनी घराचा आकडा हाती आला. आम्ही चौघं, त्यात एक कॉलेजातला मुलगा. महिन्याला कणीक १३ किलो, तांदूळ ६, तूरडाळ २, तेल ३ लिटर, साखर अडीच किलो, चहा अर्धा किलो. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण हे मला आत्ता कळलं. आता महिन्याचं सामान आणि वर पंधरा दिवसांचं, एवढंच भरते. नवीन पुडा मागे, जुना पुढे.

परत दुकानं सकाळी ७ ते ११ झाली आहेत आणि परत रांगा लागल्यात, म्हणून हा धागा. काय उरलं, काय संपलं, काय टाकून द्यावं लागलं, आता किती भरता, ते लिहा. नुसत्या याद्या नकोत, त्या व्हॉट्सॲपवर ढिगाने येताहेत.

गिरणीच्या वाटेवर (डोंबिवली)

आमच्याकडे दर एप्रिलला वर्षाचा गहू भरायची पद्धत, सासूबाईंच्या काळापासूनची. त्यामुळे २४ तारखेला मी निवांत. मागच्या वर्षीचा चाळीस किलो लोकवन कोठीत शिल्लक होता. शेजारणीला म्हटलंसुद्धा, तुम्ही पळा, आमचं आम्ही बघून ठेवलंय.

आठव्या दिवशी पीठ संपलं. डबा घेऊन गिरणीवर गेले तर कुलूप. गिरणीवाले भैया होळीला गावी गेलेले, ते तिकडेच अडकले. दुसरी गिरणी स्टेशनच्या पलीकडे, तिथे जायला पोलीस सोडेनात. तयार पिठाचा एक पुडा कुठे मिळेना. चाळीस किलो गहू घरात आणि पोळीला पीठ नाही! दोन दिवस गव्हाची खीर आणि हुग्गी खाल्ली. मिक्सरवर दळून पाहिलं, पोळ्या अशा झाल्या की मुलाने त्यांना पत्रे म्हटलं.

शेवटी कळलं की तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे घरघंटी आहे. काकूंशी आमचं पार्किंगवरून दोन वर्षं बोलणं नव्हतं. ह्यांनी जावं की मी जावं यावर अर्धा दिवस गेला, मग मीच गेले. काकूंनी एका शब्दाने काही काढलं नाही, फक्त म्हणाल्या, "गहू निवडून आण हो, खडा गेला तर जातं जाईल." पुढे बिल्डिंगमधली सात घरं तिथे दळायला लागली. वार ठरवून घेतले, एका वेळी तीन किलो. काकू पैसे घेईनात, म्हणून प्रत्येक जण वाटीभर पीठ त्यांच्या डब्यात टाकून यायचा. जूनमध्ये त्यांनी सांगितलं की तीन महिन्यांत त्यांनी स्वतःसाठी दळलंच नव्हतं.

गहू मी अजूनही भरते, पण वीसच किलो.

तागडी (किराणा दुकान, नाशिक जिल्हा)

मी काउंटरच्या आतल्या बाजूचा माणूस. थोडं मोठं लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

माझं दुकान दोन गाळ्यांचं. आठवड्याला तूरडाळीचे दोन कट्टे, म्हणजे पोती, लागतात, म्हणून आणतोही दोनच. जास्त आणून ठेवायला ना जागा ना भांडवल. बहुतेक छोट्या दुकानांचं असंच असतं. त्या रात्री दीड तासात दोन्ही कट्टे गेले. रोजच्या गिऱ्हाइकांनीच नेले, फक्त महिन्याचं एकदम नेलं. सकाळी दुकान रिकामं बघून लोक म्हणायला लागले की देशात डाळच नाही. होलसेलवाल्याच्या गोदामात माल पडून होता. उतरवायला हमाल नव्हते, आणायला ड्रायव्हर नव्हते. हायवेवरचे ढाबे बंद, मग ड्रायव्हरने जेवायचं कुठे? मला पुढचा कट्टा मिळायला नऊ दिवस गेले.

माझी निम्मी गिऱ्हाइकं रोजंदारीवरची. संध्याकाळी मजुरी हातात पडली की वीस रुपयांचं तेल, पाव किलो तांदूळ, पाच रुपयांची चहापत्ती. महिन्याच्या सामानाचे पैसे त्यांच्याजवळ कधी नसतातच, त्यामुळे त्या रात्रीच्या गर्दीत त्यातलं एकही तोंड नव्हतं. दुसऱ्या दिवशी आली तेव्हा माझ्याकडे द्यायला काही नाही. पुढे रेशनवर माणशी पाच किलो तांदूळ फुकट मिळायला लागला, पण ह्यातल्या बऱ्याच जणांचं कार्ड गावाकडे आणि माणसं इथे.

नऊ दिवसांनी माल आला तेव्हा एक कट्टा मी आत ठेवला, फक्त सुट्ट्या गिऱ्हाइकांसाठी, आणि बाकीच्यांना घरटी दोन किलो असा कागद लावला. कॉलनीतले एक गृहस्थ दारात उभे राहून मोठ्याने म्हणाले, "माल दडवतोस? तक्रार करीन." हे तेच, ज्यांनी २४ तारखेला वीस किलो नेली होती. जूनमध्ये तीच डाळ परत घेऊन आले. पिशवी न उघडताच टोके दिसत होते. परत घेतली नाही. घ्यायला हवी होती का, असं बायको अजून विचारते.

सोंडा

तागडी, नाही घेतलीत ते बरं केलंत :)

किडीबद्दल कुणीतरी लिहायलाच हवं. पाच-पाच किलोचे पुडे आणले आणि तसेच बरणीत ओतले की मे-जूनच्या दमटपणात किडणारच. रवा आणल्या दिवशी कोरडा भाजून ठेवते. तूरडाळीला एरंडेल चोळून दोन उन्हं देते. शेंगदाणे आणि बेसन फ्रीजमध्ये. तांदळाला आई बोरिक लावायची, मी बंद केलं, घरात लहान मूल आहे आणि धुताना मला भरवसा वाटत नाही. त्यापेक्षा कमी आणणं सोपं.

सोलां (मडगाव)

आमच्या गोव्यात पावसाळ्याची बेगमी म्हणजे पुरुमेंत. सोलां (आमसुलं), सुके बांगडे, सुंगटां (कोळंबी), मिरच्या, कांद्यांच्या माळा, मिठातले तोर (कैऱ्या), चिंचेचे गोळे. हे सगळं एप्रिल-मे महिन्यात भरायचं. म्हणजे मार्चमध्ये घराचा साठा वर्षातला सगळ्यात कमी असतो! टाळेबंदी नेमकी तेव्हा आली, आणि आमच्याकडे पहिले काही दिवस किराण्याची दुकानंही बंद होती. दूध आलं तर आलं. मासळीचं नावच काढू नका.

मायने तळाशी राहिलेले सुके बांगडे काढले, सहा. भाजून, खोबरं-कांदा घालून किसमूर केली ती चार दिवस पुरवली. मी तक्रार केली तर म्हणाली, पावसात आमचे असे महिने जायचे, तुला चार दिवस जड जातात? दुकानं उघडल्यावर मी पिशवी भरभरून आणली, तिने निम्मं सामान शेजारच्या घरी पोचवलं. तिथे दोघं म्हातारी, मुलगा बोटीवर.

पूररेषा (सांगली)

वर्षाचं धान्य भरा म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं आणि आमच्या तळमजल्यावरच्या कोठीत ज्वारी, गहू, हरभरा डाळ, सगळं दहा दिवस भिजत होतं. पाणी उतरल्यावर जो वास होता तो अजून विसरले नाही. नंतर दोन महिने आम्ही लोकांनी पाठवलेल्या किटवर जगलो. त्यामुळे मार्चमध्ये सगळे पळत होते तेव्हा माझे पायच उचलले नाहीत. माडीवर मावेल तेवढंच ठेवते, पत्र्याच्या तीन डब्यांत.

थेम्सपार (हॅरो, लंडन)

इथे मार्च २०२० मध्ये आधी टॉयलेट पेपर गेला, मग पास्ता, मग मैदा. पिठाची गंमत अशी की इथल्या गिरण्यांचा बहुतेक माल बेकऱ्यांना आणि कारखान्यांना मोठ्या प्रमाणात जातो, दुकानातल्या लहान पिशव्यांचा वाटा चारेक टक्केच. लोक घरी ब्रेड करायला लागले, गिरण्यांत पीठ होतं पण लहान पिशव्या भरणारी यंत्रं दिवसरात्र चालवूनही पुरी पडेनात.

आणि त्याच सुपरमार्केटात कडधान्यांचा कोपरा बऱ्यापैकी भरलेला! मी मूग, मसूर, चवळी घेऊन आले. मूग भिजवून मोड आणले, ताज्या भाजीची तेवढीच सोय. पलीकडच्या आयरिश आजींना वाटीभर उसळ दिली, त्यांनी विचारलं, हे सॅलड आहे का? सकाळी एक तास फक्त वृद्धांसाठी राखून ठेवलेला असायचा, त्या तासात आजी माझ्यासाठी दूध आणायच्या. आमच्याकडच्या एका देशी दुकानात मात्र दहा किलो आट्याच्या पिशवीचा भाव आठवड्यात जवळजवळ दुप्पट झाला. पुन्हा तिथे पाय ठेवला नाही.

खोली नंबर ७ (तेव्हा सदाशिव पेठ, आता गावी)

स्पर्धा परीक्षेवाला. कॉट, टेबल, पुस्तकं, पाणी तापवायची किटली. पँट्री म्हणजे खिडकीचा कट्टा. मेस बंद झाल्यावर आम्ही तिघं अडकलो. दडपे पोहे, दाणे-गूळ, किटलीतली मॅगी आणि घरून आलेलं मेतकूट गरम पाण्यात कालवून. चौदा दिवस. मालकीणबाईंना कळलं तेव्हा ओरडल्याच, "आधी सांगायला काय झालं होतं?" पंधराव्या दिवसापासून वरण-भात.

अर्धी पट्टी

सगळे डाळ-तांदळाचं लिहिताहेत. आमच्याकडे संपलं ते सॅनिटरी पॅड. दुकानदार म्हणे अत्यावश्यक मालाच्या यादीत नाही, येत नाही. मार्च संपताना सरकारला वेगळा खुलासा करावा लागला. दुसरं, वडिलांच्या बीपीच्या गोळ्या. रोजची कंपनी मिळेना, डॉक्टरांना फोन करून त्याच औषधाची दुसरी कंपनी घेतली. तिसरं, गॅस. आमचं एकच सिलिंडर. आता गोळ्यांची पट्टी अर्धी झाली की पुढची आणते. तांदळाचा विचार त्यानंतर.

तागडी

पॅडचं खरं आहे. माझ्याकडेही तीन आठवडे नव्हते, आणि बाया विचारायला लाजायच्या, त्यामुळे मला कळलंही उशिरा.

गरम पेज (ठाणे)

गेल्या आठवड्यात आमच्या घरी चौघंही पॉझिटिव्ह. स्वयंपाकघर भरलेलं आहे आणि उपयोग शून्य, कारण ओट्याशी दहा मिनिटं उभं राहवत नाही. कडधान्य भिजवा, वाटा, फोडणी करा, कोण करणार? उपयोगी पडलं ते एवढंच: तांदळाची कणी, मुगाची डाळ, भाजलेला रवा, मेतकूट, लिंबाचं लोणचं. कुकरला लावायचं आणि पडून राहायचं. आजारी घराचा एक वेगळा डबा असावा, त्यावर करणाऱ्याला वाचता येईल अशी चिठ्ठी. आमच्याकडे चौथ्या दिवशी बाराव्या वर्षाच्या लेकीने पेज केली, तिला मीठ कुठे आहे ते माहीत नव्हतं.

आणखी एक. वास गेलेला असतो. मी नासलेलं दूध चहात घातलं आणि दोघांनी तो प्यायलो. डब्यांवर तारखा लिहा, नाकाच्या भरवशावर राहू नका.

गिरणीच्या वाटेवर

गरम पेज, घोडबंदरकडे असाल तर माझी बहीण जवळच राहते. दाराशी डबा ठेवून जाईल. व्यक्तिगत निरोप करा.

सोंडा

पावशेर, ते साबुदाण्याचं पुढे काय झालं ते राहिलंच.

पावशेर

दोन किलो आमच्या वॉचमनच्या बायकोला दिला. तिने घेतला आणि म्हणाली, "ताई, ह्याला तूप लागतं, दाणे लागतात. पीठ नव्हतं का?" मान खाली घालून आत गेले आणि कणीक आणून दिली. साबुदाणा तिने परत केला नाही, मीही मागितला नाही. उरलेल्या तीन किलोच्या मे महिन्यात गच्चीवर पापड्या घातल्या. पहिल्याच दिवशी वळवाचा पाऊस आला, निम्म्या गेल्या. बाकीच्यांचा एक डबा अजून आहे, माळ्यावर.