नवी लक्झरी गाडी घेताना किमतीची बोलणी कशी करावी?

वाटसरू:
नमस्कार. नवी लक्झरी गाडी घेण्याचे जवळपास नक्की झाले आहे. मॉडेल ठरले आहे आणि टेस्ट ड्राइव्हही झाली आहे. शोरूममध्ये इतक्या अदबीने वागवले गेले की किंमत कमी करा, असे म्हणण्याचाच मला संकोच वाटला. मी सूट किती मिळेल असे विचारले, तेव्हा विक्री प्रतिनिधीने महिन्याला किती हप्ता परवडेल असा उलट प्रश्न केला आणि गाडी, विमा, वाढीव वॉरंटी, अ‍ॅक्सेसरीज व माझ्या जुन्या गाडीची वजावट हे सारे मिळून एकच आकडा समोर ठेवला. सूट नेमकी कशावर मिळाली, हे मला उलगडले नाही. एवढ्या महागड्या गाडीच्या किमतीत खरोखर घासाघीस होते का, आणि होत असल्यास सुरुवात कोठून करावी?

अक्षांश:
होते, आणि संकोचाचे काहीच कारण नाही. आपल्यासमोर एक व्यवहार नसून चार आहेत: नवी गाडी, जुनी गाडी, कर्ज, आणि विमा-वॉरंटीसारखी जोडविक्री. ते एकत्र केले की एका ठिकाणी दिलेले दुसऱ्या ठिकाणी काढून घेता येते, म्हणून नव्या गाडीची किंमत लेखी मिळेपर्यंत बाकीच्या तिन्हींबद्दल बोलूच नये, असे माझे ठाम मत आहे.

हप्त्याच्या प्रश्नाला तर उत्तरच देऊ नका. वार्षिक ८ टक्के दराने १०० च्या मुद्दलावर ५ वर्षांत एकूण सुमारे २१.७ व्याज जाते. तेच कर्ज ७ वर्षांचे केले की हप्ता जवळजवळ पाव भागाने उतरतो, पण व्याज सुमारे ३०.९ वर पोहोचते. मुदत ५ वर्षेच ठेवून दर ८ चा ९ झाला, तरी व्याज साडेचोवीसच्या आसपास जाते. म्हणजे पूर्ण किमतीचे कर्ज काढणाऱ्याने तासभर बोलून मिळवलेली जवळपास ३ टक्क्यांची सूट व्याजदरातल्या एका टक्क्यात विरघळते. आपल्या बँकेकडून कर्जाचा दर आधीच लिहून घ्या आणि जुन्या गाडीची किंमतही बाहेर दोन ठिकाणी विचारून ठेवा.

नीरा:
अक्षांश यांच्याशी मी सहमत आहे, परंतु गाडी तयार साठ्यातली आहे की आपल्या मागणीनुसार कारखान्यातून येणार आहे, हे त्याआधी विचारायला हवे. साठ्यातल्या गाड्यांसाठी डीलरने बहुधा कर्ज काढलेले असते आणि गाडी उभी राहील तितके व्याज चढत जाते. त्यामुळे जुना साठा, डेमो गाडी किंवा नवी आवृत्ती येण्याआधीचे मॉडेल यांवर सूट मागणे सर्वांत सोपे जाते. शिवाय अनेक कंपन्या महिन्याचे किंवा तिमाहीचे टार्गेट पूर्ण झाल्यावर डीलरला बोनस देतात, म्हणून शेवटच्या दिवसांत पूर्वी नाकारलेला आकडाही मान्य होऊ शकतो. मागणीनुसार बनणाऱ्या गाडीवर हा दबाव नसतो, आणि प्रतीक्षायादी असलेल्या मॉडेलवर तर काहीच चालत नाही.

गाडी किती जुनी आहे याचा अंदाज टायरवरूनही येतो. त्याच्या बाजूवरील चार अंकी आकड्यात पहिले दोन अंक आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे असतात. २३२४ म्हणजे २०२४ मधला तेविसावा आठवडा. टायर गाडीच्या आधी बनतात, त्यामुळे थोडा फरक गृहीत धरा आणि उत्पादनाचा महिना कागदपत्रांवरून पडताळून घ्या.

दीपस्तंभ:
एक अपवाद सांगतो. टेस्लासारखी कंपनी डीलरशिवाय थेट विक्री करते, आणि काही लक्झरी कंपन्यांनी एजन्सी पद्धत स्वीकारली आहे, जिच्यात किंमत कंपनी ठरवते व शोरूमला केवळ मोबदला मिळतो. तेथे मूळ किमतीवर वेळ घालवू नये. जुन्या गाडीचे मूल्य आणि व्याजदर यांवरच बोलावे.

वाटसरू:
सर्वांचे मनापासून आभार. मी विचारणा केली: गाडी साठ्यातली असून सात महिन्यांपूर्वी बनलेली आहे. तिच्यात पॅनोरॅमिक छत आणि महागडी ध्वनियंत्रणा आहे, जी मी स्वतःहून निवडली नसती. त्यांचे पैसे मी का भरावेत?

नीरा:
हेच वाक्य त्यांना सांगा. अशा जादा सोयींची किंमत पुनर्विक्रीत फारच थोडी परत मिळते, त्यामुळे आपली हरकत रास्त आहे. त्याच मॉडेलचा दुसऱ्या डीलरचा लेखी दर सोबत न्या, आपल्याला मान्य असलेला सर्व खर्चांसहित एकच अंतिम आकडा सांगा आणि तो मान्य झाल्यास त्याच दिवशी बुकिंग करण्याची खरी तयारी ठेवा. बुकिंगची रक्कम मात्र तो आकडा, गाडीचा चासी क्रमांक आणि रक्कम परत मिळण्याच्या अटी कागदावर आल्यावरच द्या.

वाटसरू:
दुसऱ्या डीलरकडे उद्या सकाळी जातो. जुन्या गाडीचा विषय त्यांच्याकडेही काढणार नाही.