शांतता आणि सुबत्तेचं श्रेय राष्ट्राध्यक्षाला किती?

नदीकाठ:
अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या कारकिर्दीचा (१९९३-२००१) विषय निघाला की शांतता आणि सुबत्ता त्यांच्या खात्यात जमा केली जाते. मला वाटतं, यातलं बरंचसं त्यांना आयतं मिळालं. सोव्हिएत संघ डिसेंबर १९९१ मध्येच कोसळला होता, त्यामुळे संरक्षणखर्चाला कात्री लावता आली. संगणक आणि इंटरनेटची लाटही त्यांनी आणलेली नव्हती. सरकारी तुटीचं म्हणाल, तर "नवे कर नाहीत" हा शब्द मोडून १९९० चा अंदाजपत्रकीय समझोता केला त्यांच्या आधीचे राष्ट्राध्यक्ष थोरल्या बुशनी आणि १९९२ ची निवडणूक हरले. एकाने पेरलं, दुसऱ्याने कापलं.

ध्रुव७:
"आयतं" अजिबात पटलं नाही. १९९३ चं तूट कमी करण्याचं विधेयक प्रतिनिधिगृहात २१८ विरुद्ध २१६ असं कसंबसं तरलं. रिपब्लिकनांचं एकही मत नव्हतं. क्लिंटन यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाच्या मार्जोरी मार्गोलीस-मेझविन्स्की यांनी अगदी शेवटी बाजूने मत दिलं, तेव्हा विरोधी सदस्य निरोपाचे हात हलवून त्यांना डिवचत होते. पुढच्या निवडणुकीत त्या खरंच पडल्या. सिनेटमध्ये तर बरोबरी फोडायला उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांचं मत लागलं. १९९४ मध्ये पक्षाने दोन्ही सभागृहं गमावली. किंमत मोजून घेतलेल्या निर्णयाला आयतं कसं म्हणता?

नदीकाठ:
ते धाडस होतंच, त्याचं श्रेय घ्या. पण १९९८ ते २००१ या चार वर्षांतल्या अंदाजपत्रकाच्या शिलकीत शेअर बाजाराच्या तेजीतून आलेल्या कराचा वाटा मोठा होता. मार्च २००० नंतर ती तेजी ओसरली आणि मार्च २००१ पासून मंदी धरली जाते. धाकटे बुश सत्तेवर येऊन तेव्हा दोन महिनेही धड झाले नव्हते. ती मंदी त्यांच्या माथी मारणार का? नाही ना? मग तेजीलाही तोच न्याय लावा.

करडी शाई:
इथे पॉल व्होल्कर यांना विसरून चालणार नाही. ऑगस्ट १९७९ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी त्यांना फेडरल रिझर्व्हचं (अमेरिकेची मध्यवर्ती बँक, थोडक्यात फेड) अध्यक्ष केलं. महागाई मोडण्यासाठी व्याजदर इतके चढू दिले गेले की १९८१ मध्ये ते २० टक्क्यांच्या घरात होते. घरबांधणीवाल्यांनी निषेध म्हणून लाकडाचे तुकडे टपालाने फेडकडे पाठवले. कार्टर १९८० मध्येच हरले. महागाई उतरली रेगन यांच्या काळात आणि १९८४ मध्ये ४९ राज्यं त्यांनी जिंकली. रेगनवरही अन्याय नको. १९८२ मध्ये बेकारी १० टक्क्यांवर गेली, तरी पुढच्या वर्षी त्यांनी व्होल्कर यांना पुन्हा नेमलं. माझ्या मते राष्ट्राध्यक्षाचं श्रेय अशा नेमणुकांमध्ये शोधावं, विकासदरात नाही.

ध्रुव७:
अर्थकारणापुरतं मान्य. शांततेचं तसं नाही, तिथे शेवटचा शब्द एकट्याचा असतो. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्युबात सोव्हिएत क्षेपणास्त्रं सापडली, तेव्हा सेनाप्रमुख क्युबावर हवाई हल्ल्याचा आग्रह धरत होते. केनेडींनी नौदलाची नाकेबंदी निवडली आणि तुर्कस्तानातली अमेरिकेची क्षेपणास्त्रं काढून घ्यायचं गुपचूप कबूल केलं. दुसरा कोणी त्या खुर्चीत असता तर?

नदीकाठ:
सोव्हिएत नेते क्रुश्चेव्हनी माघार घेतली म्हणून ते निभलं, निम्मं श्रेय तिकडचं. आणि शेवटचा शब्द एकट्याचा असेल, तर उशीरही त्याच्याच नावावर लिहा. बोस्नियाच्या युद्धात स्रेब्रेनिका गावी जुलै १९९५ मध्ये आठ हजारांवर बोस्नियाक (बोस्नियातले मुस्लिम) पुरुष आणि मुलं मारली गेली. ते युद्ध थांबवणारा डेटनचा समझोता झाला नोव्हेंबरमध्ये. डेटनचं श्रेय क्लिंटनना देताना जुलैपर्यंतच्या अडीच वर्षांचं काय करायचं, ते आधी सांगा.