मदत हवी आहे: स्ट्रोकनंतर अर्ध्या चेहऱ्याची आग

वडील, वय ६१. चार महिन्यांपूर्वी लॅटरल मेड्युलरी स्ट्रोक (मेंदूच्या खालच्या टोकाच्या, म्हणजे मेड्युलाच्या, कडेच्या भागातला), डावी बाजू. गिळणं बरंच सुधारलंय, पण चालताना तोल अजून डावीकडे जातो. सहा आठवड्यांपासून डाव्या डोळ्याभोवती आणि गालात सतत आग होते, पंख्याचा वारा लागला की वाढते. त्याच गालाला गरम-गार कळत नाही. डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाचा उपयोग नाही. क्लोपिडोग्रेल (रक्ताच्या गुठळ्या टाळणारं), ॲटोरव्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉलचं) चालू आहेत. दंतवैद्य दाढ काढू म्हणतात, नातेवाईक कार्बामाझेपिन (फिट्स आणि नसांच्या वेदनेचं औषध) सुचवतात. मंगळवारी न्यूरॉलॉजिस्टची वेळ आहे. काय विचारू?

प्रतिसाद १

दाढ काढू देऊ नका. बधिर गालातच आग होणं ही स्ट्रोकनंतरच्या मध्यवर्ती वेदनेची, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे होणाऱ्या वेदनेची, खूण आहे. चेहऱ्याच्या वेदना आणि तापमान वाहून नेणारा ट्रायजेमिनल या चेहऱ्याच्या नसेचा मार्ग मेड्युलातून जातो आणि तोच दुखावलाय, म्हणून दात ठीक असूनही दुखतं. अशी वेदना आठवड्यांनी, कधी महिन्यांनी सुरू होते. नेहमीच्या ट्रायजेमिनल न्यूराल्जियात काही सेकंदांची विजेसारखी कळ येते आणि मध्ये पूर्ण आराम असतो. इथे तसं दिसत नाही.

डायक्लोफिनॅक आजच डॉक्टरांना विचारून थांबवा. स्ट्रोकनंतर ते धोक्याचं, त्यात क्लोपिडोग्रेलबरोबर पोटात रक्तस्राव होऊ शकतो.

मंगळवारी ॲमिट्रिप्टिलिनबद्दल (मूळचं नैराश्याचं, पण नसांच्या वेदनेवरही देतात) विचारा. १९८९ च्या स्वीडनमधल्या छोट्या चाचणीत (१५ रुग्ण) रोज ७५ मिग्रॅने आराम पडला, कार्बामाझेपिनचा फायदा सिद्ध झाला नाही. सुरुवात सहसा रात्री १० मिग्रॅने करून हळूहळू वाढवतात. आधी ईसीजी हवा. काचबिंदू, प्रोस्टेटचा त्रास असेल तर आधीच सांगा. चार-सहा आठवडे पुरेशा डोसवर राहिल्याशिवाय 'लागू पडलं नाही' म्हणू नका.

धागाकर्ता

प्रीगॅबॅलिन हे नसांच्या वेदनेचं औषधही कुणी सुचवलं आहे. तोलाचं काय?

प्रतिसाद २

तिथेच अडचण आहे. प्रीगॅबॅलिन, गॅबापेन्टिनने चक्कर येते. आधीच डावीकडे झुकणाऱ्या माणसाला रात्री बाथरूमला जाताना पडायची भीती, म्हणून लहान डोस रात्री, आणि क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) पाहून. लॅमोट्रिजिन (हेही फिट्सचं औषध) हाही पर्याय आहे: पहिले दोन आठवडे २५ मिग्रॅ, मग सावकाश वाढ. पुरळ आलं की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. कार्बामाझेपिन द्यायचंच ठरलं तर एचएलए-बी*१५०२ तपासणी (त्वचेच्या गंभीर रिॲक्शनचा धोका सांगणारी जनुकीय चाचणी) आणि रक्तातलं सोडियम विचारा. ते ॲटोरव्हास्टॅटिनचा परिणामही कमी करतं.

गिळायला जड जातं म्हणून गोळ्या कुटून देऊ नका, सावकाश विरघळणाऱ्या तर नाहीच. पातळ औषध मिळतं का विचारा. गालावर गरम शेक अजिबात नको, चटका बसलेला त्यांना कळणार नाही. चहाही कोमट करून द्या, तोंडाची ती बाजूसुद्धा बधिर असू शकते. डावा डोळा लाल झाला तर लगेच नेत्रतज्ज्ञ, बुबुळाला जखम झाली तरी दुखणार नाही.

वहीत रोज सकाळ-संध्याकाळ वेदना ० ते १० आकड्यात लिहा. डोस बदलला ती तारीखही त्यातच लिहा.