साखळीत राहते, पण साखळीच्या पुढे विणता येत नाही. सोपं काहीतरी सुचवा

साखळीकरीण
नमस्कार. नाव वाचून हसू नका. खरंच गोव्यातल्या साखळी गावात राहते आणि क्रोशात मला येते तीही साखळीच. शाळेत शिवणाच्या तासाला हातभर साखळी घालून बाईंना दाखवली होती, तिथेच शिक्षण संपलं.

आता आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, म्हणून ती दोनेक महिने आमच्याकडे आहे. वय 72. एके काळी दोन सुयांवर तिने घरभराचे स्वेटर विणलेत (बाबांची नोकरी तेव्हा बेळगावला, तिथे थंडी तरी पडायची). मुलगी दहा वर्षांची, गणेशचवथीची सुट्टी लागली की ती दिवसभर घरात. आणि पाऊस तुम्ही बघताच आहात. तिघींनी मिळून करता येईल असं लोकरीचं किंवा दोऱ्याचं काय करावं?

अट एकच, झालेली वस्तू वापरात यायला हवी. गोव्यात स्वेटर घालणार कोण? मागच्या वर्षी हौसेने मफलर सुरू केला होता. तो अजून वीतभरच आहे आणि त्याला बुरशीचा वास मारतो.

पावसाळी_बेडूक
आधी तो मफलर उन्हात टाका.

साखळीकरीण
ऊन कुठे दिसलं तर कळवा, टाकते.

दोन_सुया_एक_चहा
ताई, आई विणणारी आहे म्हणजे अर्धं काम झालंय. त्यांना शिकवायला जाऊ नका, त्यांच्याकडून शिका.

पहिली वस्तू म्हणून भांडी-ओटा पुसायचं सुती फडकं विणा. दिसायला काही विशेष नाही, पण आमच्या घरी सगळ्यात जास्त तेच वापरलं जातं. 8 नंबरच्या सुया घ्या, म्हणजे 4 मिमी. आपल्याकडे मिळणाऱ्या सुयांवर जुने नंबर असतात आणि ते उलटे चालतात, नंबर वाढेल तशी सुई बारीक. 10 नंबर म्हणजे 3.25 मिमी. हे माहीत नसल्यामुळे मी पहिल्यांदा 'मोठी' म्हणून 12 नंबर घेऊन आले होते.

4 टाके घाला, एक ओळ सुलट विणा. पुढची प्रत्येक ओळ अशी: 2 सुलट, मग दोरा सुईवरून एकदा पुढून मागे, उरलेले सगळे सुलट. त्या सुईवरून घेतलेल्या दोऱ्याने एक टाका वाढतो आणि कडेला जाळीचं भोक पडतं. 50 टाके झाले की उतरणीला लागायचं: 1 सुलट, 2 एकत्र, दोरा सुईवरून, परत 2 एकत्र, उरलेले सुलट. 4 टाके राहिले की बंद करा. कोपऱ्यावरून कोपऱ्याकडे तिरका चौकोन तयार होतो, साधारण वीतभराचा. अख्ख्या फडक्यात उलटा टाका एकही नाही. मध्येच पोरीने सुई ओढली तरी कुठे होतो ते कडेची भोकं मोजून कळतं. 8 प्लायचा (प्लाय म्हणजे दोऱ्याच्या जाडीचं माप) सुती दोरा घेतला तर 100 ग्रॅमच्या गुंड्यात तीन फडकी होतात.

रंग फिकट घ्या. आईंचं मोतीबिंदू वगैरे झालं असेल तर काळा आणि गडद निळा तर नकोच, संध्याकाळी बल्बच्या उजेडात टाके दिसत नाहीत.

म्हापशेकार
माझी बायको विणते, मी पिशव्या उचलतो. म्हणून फक्त खरेदीपुरतं सांगतो. म्हापशाला शुक्रवारी गेलात तर भाजी-चणे-लोणच्यात न अडकता लेस-बटणं-अस्तरं विकणाऱ्या दुकानात शिरा. लोकर तिथेच मागच्या कपाटात असते, मागितल्याशिवाय कोणी काढून दाखवत नाही. पणजीत 18 जून रस्त्याच्या आसपास शिवणसाहित्याच्या दुकानात विचारा. दुकानदाराला 'सुती' म्हटलं की तो क्रोशाचा बारीक दोरा काढतो, तो 20 नंबरचा, टेबलक्लॉथवाला. नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये. 'जाड कॉटन, आठ प्लाय' असं स्पष्ट सांगा.

आणि एकाच रंगाचे गुंडे घेताना लेबलवरचा लॉट नंबर सारखा आहे ना बघा. आमच्या घरी एक उशीचं कव्हर आहे, अर्धं अबोली आणि अर्धं जरा जास्त अबोली.

फोंडा_ते_फ्रॉक
सुतीच का बरं? ॲक्रिलिक घ्या असं माझं मत. स्वस्त, रंग शंभर, धुतलं की पंख्याखाली रात्रीत वाळतं. जुलैत जाड सुती वस्तू धुवून बघा, तिसऱ्या दिवशीही दमट आणि वर वास. शिवाय सुती दोरा ताणला जात नाही, त्यामुळे बोटांवर भार येतो. 72 वर्षांच्या बाईला सांधे दुखत असतील तर ॲक्रिलिकच हाताला बरं.

दोन_सुया_एक_चहा
बोटांचं म्हणणं पटलं, ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पण स्वयंपाकघरात ॲक्रिलिक नको म्हणजे नको. ते शेवटी प्लास्टिकच. गरम टोप धरायला त्याची चौकोनी घडी केली होती एकीने, ती टोपाला चिकटली आणि बोटालाही. गरम भांडं धरायचं असेल, टोपाखाली ठेवायचं असेल तर शंभर टक्के सुती, तेही दुहेरी.

लेबल नसलेला गुंडा असेल तर वीतभर दोरा तोडून, बेसिनवर चिमट्यात धरून टोक पेटवा. सुती असेल तर कागद जळल्याचा वास येतो आणि मऊ राख उरते. ॲक्रिलिक वितळून त्याची कडक काळी गुठळी होते. खरी लोकर असेल तर केस जळल्याचा वास. खरी लोकर गोव्यात ठेवूच नका, तिला कसर लागते.

फोंडा_ते_फ्रॉक
मान्य. मग आईंना ॲक्रिलिक, ओट्याला सुती. मिटलं.

आबोली_वळेसर
मुलीसाठी गोंडे! सगळे फडक्यावरच अडकलेत. जेवायच्या काट्यावर लोकर 60–70 वेळा गुंडाळायची, काट्याच्या मधल्या फटीतून दोरा घालून करकचून गाठ मारायची, काटा काढून दोन्हीकडची वेटोळी कापायची. मग कात्रीने गोल छाटायचं. गाठीसाठी लोकर वापरू नका, ताणल्यावर तुटते. नायलॉनचा दोरा घ्या. पिवळे-केशरी गोंडे केले की झेंडूच दिसतात. चवथीला दारावर त्यांचं तोरण. खरा झेंडू तिसऱ्या दिवशी माना टाकतो, हे तोरण पुढच्या वर्षी परत लावता येतं. मी तर आता क्रोशाची फळं करून माटोळीलाही (गणपतीच्या वर फळं-फुलं टांगायची चौकट) बांधायचं म्हणतेय.

भाटातली_आजी
तोरण करा, आरास करा, मखर सजवा. माटोळीला हात लावू नका गो बाय. माटोळीला कांगलां, घागऱ्यो, सुपारीचे घोस, नारळ, डोंगरावरून काढून आणलेलं. लोकरीचं तोरिंजन टांगलंत तर आमची सासू वरून खाली येईल.

आबोली_वळेसर
नाही लावत आजी.

भाटातली_आजी
आता आलेच आहे तर खळ करायचं सांगते. आमच्या शेजारची आंटी उभा जन्म क्रोशा विणत आली, शाळेत नन्सनी शिकवलेला. तिच्या घरात अल्तारावर, टीव्हीवर, फ्रिजवर, जिथे सपाट जागा दिसेल तिथे पांढरं शुभ्र जाळीचं कापड. ती खळ पेजेच्या पाण्याची करायची. उकड्या तांदळाची नको, तिचा रंग लालसर उतरतो. सुरयेची (न उकडलेल्या तांदळाची) पेज, निवळ वरचं पाणी, मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळलेलं. त्यात विणलेलं बुडवायचं, हलकं दाबायचं, पिळायचं नाही. मग उशीवर पांढरं कापड घालून त्यावर टाचण्यांनी ताणून बसवायचं. टाचण्या स्टेनलेसच्या. साध्या टाचण्यांनी माझ्या एका गोलाला कडेभर बारा गंजाचे ठिपके पडले, लिंबू-मीठ घासून घासून दोरा तुटला पण डाग राहिला.

पण पावसाळ्यात पेजेची खळ करू नका. बुरशी येते, झुरळं कुरतडतात. आता माझी नात फेविकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं करून लावते. नाताळाला आंटीच्या घरी टांगायला तिने त्यातून चांदण्या केल्या, कडक पापडासारख्या. आंटीने हातात घेऊन उलट-सुलट करून बघितल्या आणि म्हणाली, पेजेच्या बऱ्या.

म्हापशेकार
आंटी जिंकली.

रानमोगरी
एक आगंतुक सूचना, सुया नकोच असतील तर. जुने टीशर्ट. काखेच्या खालचा नळीसारखा भाग घ्या आणि दोन-अडीच सेंटिमीटरची पट्टी गोलगोल सलग कापत जा. पट्टी हाताने ओढली की कडा आत वळतात आणि छान जाड दोरा होतो. तीन पट्ट्यांची वेणी घाला, वेणी चकलीसारखी गुंडाळत मागून सुई-दोऱ्याने शिवा, पायपुसणं तयार. कडांना शिवण असलेले टीशर्ट टाळा. आणि बाल्कांवातल्या (ओसरीवरच्या) कुंड्यांना दोरखंडाची शिंकी करणार असाल तर पावसात सुती दोर काळा पडतो, बाहेर नायलॉनच.

साखळीकरीण
देव बरें करूं सगळ्यांना! दहा दिवसांनी येतेय, अहवाल घ्या.

आईने फडकं एका दुपारी उरकलं, दुसरं सुरू केलं आणि मला म्हणाली, "एवढ्यासाठी इंटरनेटवर विचारलंस?" मुलीचे चौदा गोंडे झाले, काट्यांचा चमचेदाणीत दुष्काळ आहे.

माझंच घोडं अडलंय. यूट्यूबवर बघून कपाखाली ठेवायचा गोल करायला घेतला. 4 साखळ्यांची अंगठी, त्यात 12 खांब (सुईवर दोरा घेऊन काढायचा उंच टाका). पुढच्या फेरीत प्रत्येकावर दोन-दोन. तिथपर्यंत सपाट होता. आता चौथ्या फेरीला त्याची वाटी झालीय. चहा कपाऐवजी त्यातच ओतावा अशी.

दोन_सुया_एक_चहा
तिसऱ्या फेरीत काय केलंत?

साखळीकरीण
प्रत्येकावर एक. चौथ्यातही. चुकलं?

दोन_सुया_एक_चहा
तिथेच. खांबांचा गोल सपाट राहायला हवा तर दर फेरीला 12 खांब वाढले पाहिजेत. 12, 24, 36, 48. म्हणजे तिसऱ्या फेरीत एकावर एक, पुढच्यावर दोन, एकावर एक, पुढच्यावर दोन. चौथ्यात एक, एक, दोन. वाढ कमी पडली की वाटी होते, जास्त झाली की कडेला फ्रॉकच्या झालरीसारख्या लाटा येतात. मुक्या खांबांचा (सुईवर दोरा न घेता काढलेला बुटका टाका) गोल असेल तर वाढ 6 ची: 6, 12, 18. खांब उंच, म्हणून त्याला जास्त लागतात.

फेरी सुरू करताना 3 साखळ्या घालता ना? त्या एक खांब म्हणून मोजायच्या. नवीन माणसाचा हिशोब हमखास तिथे चुकतो. फेरीच्या पहिल्या टाक्यात दुसऱ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा अडकवून ठेवा. सेफ्टी पिन नको, आपल्या हवेत गंजते.

आणि व्हिडिओ अमेरिकन आहे की ब्रिटिश ते बघा. अमेरिकन ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात त्यालाच ब्रिटिश डबल म्हणतात. नाव एकच, टाका वेगळा. मी एकदा अख्खी टोपी त्यात घालवलीय.

फोंडा_ते_फ्रॉक
उसवायला घाबरू नका. क्रोशात एकच टाका जिवंत असतो, तो सुईतून काढून ओढला की सरसर उसवतं. दोन सुयांवर 50 टाके एकदम मोकळे सुटतात तेव्हा खरी रड असते.

साखळीकरीण
उसवला. परत केला. 36 ला थांबले, सपाट आहे! थोडा एका बाजूला कलंडतोय, पण कप उभा राहतो. सहा करायचेत, आई म्हणते ती कडेला रंगीत फेरी घालून देईल. तिला क्रोशाची सुई धरायला जमत नव्हती, बोटं आखडतात. मुलीने पेनाची रबरी पकड सुईच्या दांडीवर चढवून दिली, आता जमतंय.

पुढचा प्रश्न. आईला आता चौकोन जोडून पाय झाकायला छोटी गोधडी करायचीय, ॲक्रिलिकची. तीन-तीन खांबांचे झुपके असतात तो चौकोन. कोपऱ्यात झुपक्यांच्या मध्ये 2 साखळ्या घालायच्या की 3? प्रत्येक जण वेगळं सांगतोय.

भाटातली_आजी
2. हात घट्ट असेल तर 3. आईला विचार हात कसा आहे तो.

साखळीकरीण
आई म्हणते, घट्ट.

भाटातली_आजी
मग 3. आणि शेपट्या लगेच सुईने आत ओवून टाक, गोधडी झाल्यावर करू म्हणशील तर दोनशे लोंबत असतील.