पुण्याच्या खोलीत मॉनिटर ठेवायचा कुठं?

ए-२०२: नमस्कार मंडळी. सोसायटीचा विषय नाही, तरी विचारतोय. मला आता दर सोमवारी पहाटे पुण्याला जावं लागतंय, गुरुवारी रात्री परत. इथं घरी दोन मॉनिटर आहेत. तिकडच्या खोलीत एक कॉट आणि एक प्लास्टिकची खुर्ची, टेबलाला जागाच नाही. १४ इंची लॅपटॉपवर कोड, ब्राउझर आणि कॉल एकदम उघडले की मान धरते. डोळ्यांवर बांधायचा व्हीआर हेडसेट घातला की त्यातच मोठे स्क्रीन उघडून रोजचं काम करता येतं म्हणतात. बॅगेत मावेल असा कुठला घ्यावा? कुणी वापरलाय का?

सी-१०३: ते गेम खेळायचं न्हवं भावा? भाच्याकडं हाय, पोरं दिवसभर हवेत हात मारत असत्यात.

बी-३०१: मी वापरलाय दादा. गेल्या पावसाळ्यात चार महिने, रोज दोन-तीन तास, गेम नाही, फक्त ऑफिसचं काम. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी अक्षरांचं बघा. दुकानात "फोर के" म्हणून सांगतात त्यावर जाऊ नका. डोळ्यासमोरच्या एका अंशात किती पिक्सेल, म्हणजे स्क्रीनचे ठिपके, येतात ते विचारा. घरचा २४ इंची फुल एचडी मॉनिटर दोन फुटांवरून बघितला की एका अंशात साधारण ४० पिक्सेल पडतात. चांगली नजर ६० पर्यंत ओळखते. मेटा कंपनीच्या क्वेस्ट ३ हेडसेटमध्ये हा आकडा २५ च्या आसपास आहे, ॲपलच्या व्हिजन प्रो हेडसेटमध्ये साधारण ३४.

आता याचा कामावर परिणाम काय, तर क्वेस्ट ३ सारख्या हेडसेटमध्ये तुम्ही १९२० पिक्सेल रुंदीचा स्क्रीन उघडला आणि तो ४० अंशात बसवला, तर तुमच्या वाट्याला १००० च पिक्सेल येतात. बाकीचे गाळले जातात. सगळे हवे असतील तर स्क्रीन एवढा मोठा करावा लागतो की ओळीच्या या टोकाकडून त्या टोकाला जाताना मान वळवावी लागते. मी कोडचा फॉन्ट १८ वर नेला तेव्हा कुठं जमलं.

ए-१०४: भाऊजी, मग माझ्यासारखीला एक्सेल आणि जीएसटीचं काम त्यावर जमेल का?

बी-३०१: वहिनी, तुम्हाला हेडसेट नको. मी एकदा पगाराचं शीट त्यावर तपासलं. बारीक आकड्यांत ८ आणि ३ एकसारखे दिसत होते. स्क्रीनच्या मधोमध स्वच्छ, कडेला गेलं की आकडा विरघळल्यासारखा. प्रत्येक रकान्याला पुढं झुकून बघत बसलो आणि शेवटी लॅपटॉपवर सगळं पुन्हा तपासलं. जिथं एक आकडा चुकला तर नोटीस येते, ते काम यावर करू नये असं माझं ठाम मत आहे.

बी-१०१: शिरोलीला आमची फौंड्री आहे. पॅटर्नचं थ्रीडी ड्रॉइंग असल्यात बघता येतं का?

बी-३०१: येतं, आणि तिथं हेडसेटला तोड नाही काका. कास्टिंग समोर उभं करून त्याच्याभोवती फिरता येतं, कोर, म्हणजे आतल्या पोकळीचा साचा, कुठं बसतो ते आत डोकावून बघता येतं. तुमच्यासाठी घ्यायला हरकत नाही. वाचायचं-लिहायचं काम वेगळं आणि आकार बघायचं काम वेगळं.

सी-४०२ (सर): डोळ्यांवर काय परिणाम होतो? आणि माझ्यासारखा वाचायचा चष्मा असेल तर?

बी-३०१: सर, हेडसेटचा स्क्रीन डोळ्याजवळ असला तरी भिंगामुळं डोळा फोकस करतो तो एक-दोन मीटरवर. म्हणून फक्त वाचायचा नंबर असेल तर बऱ्याच जणांना चष्म्याशिवायही दिसतं. लांबचा नंबर असेल तर मात्र चष्मा किंवा नंबरचं वेगळं भिंग लागतंच. त्रास होतो तो दुसऱ्या कारणानं. आतली वस्तू जवळ आणली की दोन्ही डोळे आत वळतात, पण फोकस त्याच अंतरावर अडकलेला असतो. खऱ्या जगात या दोन गोष्टी बरोबर चालतात. त्यामुळं आतला स्क्रीन नाकाशी ओढू नये, हात लांब करून पोचेल त्याच्याही पलीकडं ठेवावा. आणि डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजून घ्या, चष्म्याचा दुकानदार मोजून देतो. क्वेस्ट ३ मध्ये ते ५८ ते ७१ मिलिमीटरपर्यंत चाकानं जुळवता येतं. हे जुळलं नाही तर अर्ध्या तासात डोकं धरतं.

ए-२०२: आणि वजन?

बी-३०१: खरं दुखणं तेच आहे. क्वेस्ट ३ आहे ५१५ ग्रॅम. हातात घेतला तर काहीच वाटत नाही, पण ते सगळं वजन गालावर आणि कपाळावर लोंबतं. मूळ कापडी पट्टा काढून मागं वजन टाकणारा घट्ट पट्टा लावला की फरक पडतो. बॅटरी दोन तास आणि वर थोडी, म्हणजे पॉवर बँक आली. पंखा असूनही चेहऱ्याला टेकणाऱ्या गादीचा फोम घामानं ओला व्हायचा. कॅमेऱ्यातून बाहेरचं दिसतं, त्यामुळं की-बोर्ड आणि चहाचा कप सापडतो, पण बारीक चिन्हांच्या कीज चाचपतच दाबाव्या लागतात.

तुझ्या बाबतीत अजून एक अडचण आहे. हेडसेटमध्ये लॅपटॉपचा स्क्रीन आणायचा तर लॅपटॉपवर ॲप टाकावं लागतं आणि दोन्ही एकाच वायफायवर लागतात. कंपनीचा लॅपटॉप ॲप टाकू देईल का ते आधी विचार. पीजीच्या वायफायवर बऱ्याचदा एक उपकरण दुसऱ्याला दिसतच नाही, मग लॅपटॉपचा स्वतःचा ५ गिगाहर्ट्‌झचा हॉटस्पॉट लावावा लागतो.

म्हणून सांगतो, तुला हेडसेट नको, डिस्प्लेवाला चष्मा बघ, म्हणजे ज्यात छोटा स्क्रीन बसवलेला असतो तो. एक्सरियल, व्हिच्यूर अशा कंपन्यांचे मिळतात. एक्सरियल वन ८४ ग्रॅमचा आहे. टाइप-सी केबल लावली की लॅपटॉप त्याला साधा मॉनिटर समजतो, काही टाकावं लागत नाही, वीजही लॅपटॉपमधूनच. फुल एचडीच असतो, पण तेवढे पिक्सेल लहान जागेत असल्यामुळं एका अंशात ४० च्या वर जातात, म्हणजे घरच्या मॉनिटरसारखी अक्षरं. तोटा हा की दृश्य अरुंद, खिडकीतून बघितल्यासारखं. तीन-चार स्क्रीन पसरून बसायचं सुख त्यात नाही.

ए-२०२: माझ्या लॅपटॉपला टाइप-सी आहे. चालेल ना?

बी-३०१: नुसतं टाइप-सी असून भागत नाही. काही पोर्ट फक्त चार्जिंग आणि डेटाचे असतात. पोर्टजवळ डी आणि पी जोडलेलं चिन्ह किंवा थंडरबोल्टचा बाण आहे का बघ. नसेल तर मॉडेलच्या माहितीत डिस्प्लेपोर्ट, म्हणजे त्या पोर्टातून चित्र बाहेर जायची सोय, लिहिलंय का ते शोध. पोर्ट एकच असेल तर चार्जिंगचाही विचार करून ठेव.

सी-१०३: आमच्या भाच्याच्या हेडसेटात मधीच पिवळा डाग दिसतोय, ते कशानं?

बी-३०१: उन्हानं, दादा. माझंही असंच झालंय. मार्चमध्ये सकाळी हेडसेट गॅलरीच्या कठड्याजवळ ठेवला आणि पाणी भरायला आत गेलो. पाच-सात मिनिटं झाली असतील. भिंगातून ऊन आतल्या स्क्रीनवर एका ठिपक्यात गोळा झालं आणि डाग कायमचा बसला. ते दुरुस्त होत नाही. भिंगं कायम खाली करून किंवा झाकून ठेवायची, गाडीच्या काचेखाली तर अजिबात नाही. आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी टाका, भिंगावर बुरशी धरते.

सेक्रेटरी काका: चर्चा चांगली चाललीय, चालू द्या. फक्त उद्या सकाळी १० ते १२ टाकी धुणार आहेत, पाणी भरून ठेवा.

बी-३०१: ए-२०२, रविवारी संध्याकाळी घरी ये. चष्मा आणि जुना हेडसेट दोन्ही आहेत. स्वतःच्या लॅपटॉपवर स्वतःचं काम अर्धा-अर्धा तास करून बघ. पटलं तर आठवडाभर चष्मा घेऊन जा, विकत घ्यायची घाई नको.

*(सोमवार)*

ए-२०२: कराड सोडलं. एसटीत चष्मा लावून बघितला. गाडी वळली की स्क्रीन बाजूला सरकतो. डोक्याबरोबर फिरणारा मोड लावला की नाकासमोर राहतो. वाचायला ठीक आहे, टाइप करताना मळमळायला लागलं, काढून ठेवला.

बी-३०१: गाडीत तसं होतंच. रात्री खोलीवर बघ.

ए-२०२: खोलीवर पोचून जेवलो. कॉटवर भिंतीला उशी लावून बसलोय, लॅपटॉप मांडीवर. लॅपटॉपच्या स्क्रीनवर कॉल, वर चष्म्यात कोड. दीड तास झाला, मान खाली गेलेली नाही. नाकावर जरा ओझं वाटतंय आणि कडेच्या ओळी वाचायला डोळे फिरवावे लागतात. वहिनी, तुमच्यासाठी मुद्दाम एक्सेल उघडून बारीक फॉन्टवर बघितलं. ८ आणि ३ वेगळे दिसतायत.